स्नूकरचे सम्राट: पंधरा मोठे की सात?

काळा_सात (धागाकर्ता)

परवा झोप येईना म्हणून यूट्यूबवर १९९२ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनल लावली. स्टीफन हेंड्री विरुद्ध जिमी व्हाइट. निकाल पाठ आहे, आधी तीन-चारदा पाहून झालीय. तरी व्हाइट १४-८ असा पुढे असताना मनात येतंच, की आज तरी जिंकेल बिचारा. मग हेंड्री खुर्चीतून उठतो आणि ओळीने दहा फ्रेम (म्हणजे डाव) घेऊन १८-१४ वर दुकान बंद करतो. दहा! बायको पाणी प्यायला उठली होती. पडद्याकडे बघून म्हणाली, "अजून संपले नाहीत का ते लाल?"

शनिवारी टेबलावर हा विषय निघाला आणि नेहमीचं भांडण झालं. सगळ्यात मोठा कोण? वर्ल्ड किताबांचे आकडे सगळ्यांना तोंडपाठ. जो डेव्हिस १५, त्याचा धाकटा भाऊ फ्रेड ८, जॉन पुलमन ८, हेंड्री ७, रॉनी ओसलिव्हन ७, रे रिअर्डन ६, स्टीव्ह डेव्हिस ६. आता या यादीकडे बघून "पंधरावाला मोठा" म्हणून मोकळं होता येतं. पण १९३१ साली वर्ल्ड चॅम्पियनशिपला अर्ज किती आले होते माहितीये? दोन. जो डेव्हिस आणि टॉम डेनिस. म्हणजे थेट फायनलच. आमच्या सोसायटीच्या कॅरम स्पर्धेला याहून जास्त नावं येतात.

तरीही माझ्या मते जो डेव्हिस राजाच होता. कारण वेगळं आहे, तेच मांडायला हा धागा.

किती जिंकला हे मी मोजत नाही. त्याच्यामुळे बाकीच्यांना आपला खेळ मोडून नव्याने शिकावा लागला का, हे बघतो. ज्याने ते करायला लावलं, त्याने राज्य केलं. आणि बाकीचे ते शिकले की राज्य गेलं. या मापाने मला चारच सापडतात: जो डेव्हिस, रिअर्डन, स्टीव्ह डेव्हिस आणि हेंड्री. रॉनी बसत नाही. (हेल्मेट घातलंय, मारा.)

जो डेव्हिसच्या तरुणपणी इंग्लंडात खरी प्रतिष्ठा बिलियर्ड्सला. स्नूकर म्हणजे रात्री उशिरा, मुख्य खेळ आटोपल्यावर टाकायचे एक-दोन डाव. लाल पाडायचा, जमला तर एखादा रंग पाडायचा आणि पांढरा कुठेतरी लपवून बसायचं. जो स्वतः बिलियर्ड्सचाही जगज्जेता. पांढरा चेंडू हातभर अंतरात खेळवत ठेवायची बिलियर्ड्सवाल्यांची कला त्याने स्नूकरच्या टेबलावर आणली. लाल, काळा, लाल, काळा. पांढरा काळ्याच्या आसपासच. आज पार्लरमधलं पोरगंसुद्धा जे "पोझिशन, पोझिशन" म्हणून ओरडतं, त्याचा उगम तिथे आहे. १९२७ ला बर्मिंगहॅमच्या कॅमकिन्स हॉलमध्ये पहिली चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा त्याला मिळाले ६ पौंड १० शिलिंग. चषक मात्र तोच, जो आज शेफील्डला क्रुसिबल नाट्यगृहात वर्ल्ड चॅम्पियनशिपला उंचावतात.

१९४० मध्ये फ्रेडने त्याला ३७-३६ पर्यंत आणलं. युद्धाची वर्षं स्पर्धाच नव्हती. १९४६ ला हॉरेस लिंड्रमला ७८-६७ ने हरवलं (हो, १४५ फ्रेमची मॅच, आपण पाच फ्रेममध्ये पाठ धरतो) आणि अपराजित राहून त्याने चॅम्पियनशिप सोडली. चॅम्पियनशिप सोडली, खेळ नाही सोडला. ही गोम आहे. पुढची कित्येक वर्षं जो कोणी जगज्जेता व्हायचा त्याच्याकडे बघून लोक मनात म्हणायचे, ठीक आहे, पण जोला कुठे हरवलाय? बरोबरीच्या अटींवर (म्हणजे आधीच पॉइंटची सूट न घेता) जोला हरवणारा माणूस आयुष्यभरात एकच निघाला. फ्रेड, तोही चार वेळा.

बाकीच्या तिघांवर लिहितो, आधी जेवून येतो. तोवर आपापली मतं टाका.

बंड्या_पौडफाटा

रुमाल टाकून ठेवतो.

एक शंका. जो डेव्हिस, फ्रेड डेव्हिस, स्टीव्ह डेव्हिस. हे काय एकाच घरातले आहेत का? की तिकडे डेव्हिस म्हणजे आपल्याकडचं जोशी?

काळा_सात

@बंड्या, जो आणि फ्रेड सख्खे भाऊ. स्टीव्हचा त्यांच्याशी नात्याचा काही संबंध नाही, पण शिष्यपणाचा आहे. स्टीव्हच्या वडिलांना या खेळाचं प्रचंड वेड. त्यांनी पोराला शिकवलं ते जो डेव्हिसच्या पुस्तकावरून. म्हणजे गादी वंशाने नाही, पुस्तकाने गेली.

राहिलेलं लिहितो.

मधली वीसेक वर्षं भराभर सोडतो, कारण दुष्काळ आहे. १९५२ ला खेळाडू आणि संघटनेत फाटलं, खेळाडूंनी स्वतःची वेगळी स्पर्धा काढली. फ्रेडच्या आठपैकी पाच त्यातल्या, म्हणून वाद. १९५७ ला पुलमन जिंकला आणि नंतर १९६४ पर्यंत स्पर्धाच झाली नाही. पुलमन सात वर्षं जगज्जेता राहिला कारण कोणी विचारायलाच आलं नाही. याला मी राज्य म्हणत नाही, राखण म्हणतो.

मग १९६९ ला बीबीसीला रंगीत टीव्हीसाठी स्वस्तातला रंगीत कार्यक्रम हवा होता आणि त्यांना स्नूकर सापडलं. तिथून पैसा आला आणि पैशाबरोबर रे रिअर्डन आला. वेल्सचा खाणकामगार, हात जपायला खाणीत हातमोजे घालून काम करायचा. एकदा दरड कोसळून तीन तास गाडला गेला होता. नंतर पोलिसात गेला. १९७० ते १९७८ मध्ये सहा वेळा जगज्जेता, त्यात १९७३ ते १९७६ ओळीने चार. त्याचं राज्य सेफ्टीचं, म्हणजे चेंडू पाडण्याऐवजी समोरच्याला अडचणीत टाकायच्या फटक्यांचं. तो तुम्हाला पांढरा असा देणार की मारण्यासारखं दिसतं सगळं, पण मारलंत की फसलात. समोरचा चिडून मारायचा. रिअर्डन दात दाखवून हसायचा, म्हणूनच त्याला ड्रॅक्युला म्हणत.

त्या सापळ्यात न अडकणारा माणूस म्हणजे स्टीव्ह डेव्हिस. त्याला चिडवताच येत नसे. १९८१ ते १९८९ या नऊ वर्षांत आठ वेळा फायनलला, सहा वेळा विजेता. हा माणूस खुर्चीत पाण्याचा पेला घेऊन पुतळ्यासारखा बसायचा. सिगारेटी, बिअर आणि जुगाराच्या खेळात त्याने एकच गोष्ट आणली: सराव. रोज, तासन् तास, तोच फटका. इंग्रजांना तो कंटाळवाणा वाटे. टीव्हीवरच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमात त्याची त्यावरूनच टर उडवत.

हेंड्रीचं उद्या लिहितो. डोळे मिटतायत.

लेस्टरकर

उत्तम धागा. मी बारा वर्षं लेस्टरला आहे, क्रुसिबलला दोनदा जाऊन आलोय. इथल्या वाचकांसाठी थोडं आतलं वर्णन.

टीव्हीवर ते मोठं स्टेडियम वाटतं. प्रत्यक्षात ते नाट्यगृह आहे, बाल्कनी धरून हजाराला थोड्या कमी खुर्च्या. आपल्या बालगंधर्वसारखं समजा, फक्त रंगमंच मध्ये आणि तिन्ही बाजूंनी माणसं. पुढच्या रांगेत बसलात तर खेळाडू इतका जवळ की त्याने क्यूला चॉक लावताना होणारी कुरकुर ऐकू येते. पहिल्या फेऱ्यांना दोन टेबलं असतात आणि मध्ये एक पडदा. पडद्यापलीकडे टाळ्या पडल्या की अलीकडचा खेळाडू थांबतो, उभा राहतो, पुन्हा वाकतो. मी हे तीनदा पाहिलं. सेमीफायनलला पडदा काढतात, एकच टेबल उरतं. तेव्हा आत शिरल्यावर नाट्यगृह अचानक दुप्पट मोठं वाटतं. खेळाडूही हेच सांगतात, की खरं क्रुसिबल तिथून सुरू होतं.

आता मुद्दा. धागाकर्त्यांनी आमच्या गावच्या माणसाला साफ विसरलं. मार्क सेल्बी. वर्ल्ड जिंकली २०१४, २०१६, २०१७, २०२१ ला. २०१५ च्या फेब्रुवारीपासून २०१९ च्या मार्चपर्यंत सलग क्रमांक एक. तुमच्याच मापाने बघा: याच्याशी खेळायचं म्हणजे रात्री दीड वाजेपर्यंत जागायची तयारी ठेवून यायचं, हे अख्ख्या पिढीला शिकावं लागलं.

आणि २ मे २०१६ ची रात्र विसरता येत नाही. तिकडे शेफील्डला सेल्बी डिंग जुनहुईला १८-१४ ने हरवत होता आणि त्याच रात्री टॉटनहॅमची मॅच बरोबरीत सुटल्यामुळे लेस्टर सिटी प्रीमियर लीग जिंकली. आमच्या रस्त्यावर लोक गाड्यांच्या टपावर चढले होते. शेजारचे आजोबा मात्र घरात स्नूकर बघत बसले होते. मी सांगायला गेलो तर "थांब, पिंक पडू दे" म्हणाले.

रॉकेटप्रेमी

धागाकर्त्याचा निषेध!! रॉनी बसत नाही म्हणे! अहो ज्या मापात रॉनी बसत नाही ते माप फेकून द्या.

तिन्ही मोठ्या स्पर्धा: ७ वर्ल्ड, ८ यूके, ८ मास्टर्स. पहिली यूके १९९३ ला, अठरा पूर्ण व्हायच्या आत, आणि फायनलला समोर कोण? तुमचा हेंड्रीच. शेवटची २०२३ ला, ४७ व्या वर्षी. तीस वर्षं! १९९७ ला क्रुसिबलमध्ये १४७ (एका खेपेतला कमाल स्कोअर) केलं, साडेपाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आपल्याला तेवढ्या वेळात टेबल लावून होत नाही. डाव्या हाताने खेळतो तेव्हाही जगातल्या निम्म्या प्रोंपेक्षा बरा. २०१२ ला वर्ल्ड जिंकला, मग जवळजवळ वर्षभर क्यूला हात लावला नाही, आला आणि २०१३ ची पण घेऊन गेला. याला राज्य नाही तर काय म्हणायचं?

आणि २००४ ची सेमीफायनल बघा जरा. रॉनी १७, हेंड्री ४.

काळा_सात

@रॉकेटप्रेमी, २००४ काढलंत हे फार बरं केलंत. त्या वर्षी रॉनीच्या कोपऱ्यात कोण बसलं होतं? रे रिअर्डन! सत्तरी ओलांडलेला ड्रॅक्युला त्याला सेफ्टी शिकवत होता. तोवरचा रॉनी म्हणजे फक्त पॉटिंग. मारलं तर आकाश, चुकलं तर मॅच गेली. रिअर्डनने त्याला न मारता जिंकायला शिकवलं. म्हणजे रॉनीने जुन्या राजांकडून घेतलं, हे तुम्हीच सिद्ध केलंत. :-)

माझा मुद्दा एवढाच, की रॉनीसारखं खेळायला कोणाला शिकता आलं? कोणालाच नाही. त्याने खेळ बदलला नाही, त्याने खेळ बघणं बदललं. हेंड्रीसारखं खेळायला मात्र सगळ्यांना शिकावं लागलं. त्यात रॉनीही आला.

आता हेंड्री. तो अजून पोरसवदा असताना त्याच्या मॅनेजरने स्कॉटलंडभर त्याचे आणि स्टीव्ह डेव्हिसचे सामने लावले. सहा रात्री सहा सामने. सहाही स्टीव्हने जिंकले. दुसरा कोणी असता तर क्यू विकून नोकरीला लागला असता. याने बघून घेतलं की हा माणूस चुकतो कुठे, आणि उत्तर मिळालं: चुकत नाही. मग एकच उपाय उरतो, त्याला टेबलावर येऊच द्यायचं नाही.

त्यासाठी त्याने एक फटका हत्यारासारखा वापरला. निळा. निळा टेबलाच्या बरोबर मध्यावर असतो, लाल चेंडूंचा ढीग पलीकडे गुलाब्याच्या मागे. बाकीचे लोक दोन-चार सुटे लाल खाऊन झाले की सेफ्टी मारून परत जात, ढिगाला हात लावायला भीत. हेंड्री निळा मधल्या पॉकेटमध्ये असा जोरात मारायचा की पांढरा सरळ ढिगात घुसून लाल चौफेर उधळायचा. पंचवीस-तीस पॉइंटवर असताना! फसला तर पांढरा चिकटून बसायचा आणि अख्खं टेबल समोरच्याला आंदण. पण फसायचा नाही. एका भेटीत फ्रेम. आज प्रत्येक प्रो हेच करतो, म्हणून आपल्याला त्यात काही वाटत नाही. तेव्हा तो वेडेपणा होता.

१९८९ ची यूके फायनल १६-१२, १९९० ची १६-१५, दोन्ही डेव्हिसविरुद्ध. १९९० लाच एकविसाव्या वर्षी जगज्जेता, त्याच्याहून लहान वयात आजवर कोणी झालेलं नाही. १९९२ ते १९९६ ओळीने पाच वर्ल्ड, म्हणजे क्रुसिबलवर पंचवीस विजय, आणि १९९७ ला फायनलपर्यंतचे चार. सलग एकोणतीस सामने त्या इमारतीत तो हरला नाही. १९९४ ला तर हॉटेलच्या बाथरूममध्ये पाय घसरून डाव्या कोपराजवळ हाड मोडलं होतं. तसाच खेळला आणि शेवटच्या फ्रेमवर व्हाइटला हरवलं, १८-१७. व्हाइटचा त्या दिवशी वाढदिवस होता. जागेवरचा काळा चुकला बिचारा.

आकडेमोड

दोन्ही बाजूंना थोडं थंड पाणी.

रॉनीचे ४१ रँकिंग किताब (जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धांचे) आणि हेंड्रीचे ३६, असं शेजारी शेजारी लिहिण्यात अर्थ नाही. २००९-१० च्या अख्ख्या मोसमात रँकिंग स्पर्धा होत्या सहा. नंतर बॅरी हर्नने कारभार घेतला आणि स्पर्धांचा पाऊस पाडला. २०१९-२० मध्ये एकट्या जड ट्रम्पने सहा रँकिंग स्पर्धा जिंकल्या. दहा वर्षांपूर्वी सहा जिंकायच्या तर सगळ्याच जिंकाव्या लागल्या असत्या.

उलट बाजूने बघायचं तर १९९१ पर्यंत प्रो होणं हेच अवघड होतं, दार अरुंद. त्या वर्षी दार उघडलं आणि शेकडो पोरं आत आली. पात्रता फेऱ्यांसाठी ब्लॅकपूलला महिनोन् महिने सामने चालत. त्यातच १९९२ ची बॅच: ओसलिव्हन, जॉन हिगिन्स, मार्क विल्यम्स, तिघेही १९७५ चे. ब्लॅकपूलला रॉनीने पहिल्या ७६ पैकी ७४ सामने जिंकले, त्यातले पहिले ३८ ओळीने. तेव्हा हेंड्रीचं राज्य का गेलं याचं उत्तर "बाकीचे शिकले" एवढंच नाही. बाकीचे वाढले.

माझ्या मते स्टीव्ह डेव्हिसला सगळ्यात कमी श्रेय मिळतं. लोकांना त्याचं काय आठवतं? १९८५ ची हार. ८-० पुढे होता, शेवटी १७-१७, शेवटचा काळा. दोघेही चुकत चुकत अखेर डेनिस टेलरने पाडला. अख्ख्या मॅचमध्ये टेलर पहिल्यांदा पुढे गेला तो त्या एका चेंडूवर. मध्यरात्र उलटून गेलेली आणि ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर. पुढच्या वर्षी जो जॉन्सनकडून परत हरला, ज्याचा सट्टेबाजांकडचा भाव १५० ला एक होता. दुसरा कोणी असता तर संपला असता. हा नंतर ८७, ८८, ८९ ओळीने जिंकला. ८९ ला तर जॉन पॅरटला १८-३. मला विचाराल तर राज्य म्हणजे हे.

जबलपुरी

आमच्या गावाचं नाव अजून कोणी काढलं नाही याचा खेद वाटतो. राज्य कोणाचं ते नंतर, आधी जन्म कुठला ते बघा. १८७५ चा पावसाळा, जबलपूरची ब्रिटिश फौजेची मेस, नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण अधिकारी (पंतप्रधान नव्हे, हा वेगळा). बाहेर पाऊस, आत बिलियर्ड्सचं टेबल आणि पैशावर चाललेला "ब्लॅक पूल". त्यात यांनी आणखी रंगीत चेंडू घातले. "स्नूकर" म्हणजे लष्करी शाळेतला नवखा कॅडेट, शिव्यांमधला शब्द. कोणीतरी सोपा चेंडू चुकला, चेंबरलेन त्याला स्नूकर म्हणाला, आणि नाव चिकटलं. नियम पुढे उटीच्या क्लबात पक्के झाले.

आमच्या आजोबांचं घर छावणीपासून जवळ. ते म्हणायचे, गोऱ्यांनी इथून दोन गोष्टी नेल्या, संगमरवर आणि स्नूकर; संगमरवर तरी मोजून नेला.

अदिती_क

वाचतेय. मजा येतेय. पण एवढ्या चर्चेत एकाही बाईचं नाव नाही?

रिअॅन एव्हान्स. महिलांची जागतिक स्पर्धा बारा वेळा जिंकलीय. २००५ ते २०१४ ओळीने दहा. दहा वर्षं दुसऱ्या कोणाला चषकाला हात लावू दिला नाही. तिच्या आधी अॅलिसन फिशर, सात वेळा. ती पुढे अमेरिकेला पूल खेळायला गेली, कारण पैसा तिकडे होता. सलग किताब हे माप असेल तर तुमचा हेंड्री पाच, रिअर्डन चार. हिशेब करा.

काळा_सात

@अदिती_क, चूक मान्य. हे नाव माझ्या डोक्यातच आलं नाही आणि यायला हवं होतं. २०१३ ला वूशीच्या स्पर्धेत ती पुरुषांच्या रँकिंग स्पर्धेच्या मुख्य फेरीला पात्र ठरली होती, अशी पहिली स्त्री.

@लेस्टरकर, सेल्बी मला आवडतो, पण त्याच्यासारखं खेळायला बाकीचे शिकले नाहीत, त्याला कंटाळले. दोन्हीत फरक आहे.

@आकडेमोड, "बाकीचे वाढले" हे पटलं. मूळ लेखात हे हवं होतं.

@जबलपुरी, आजोबांना नमस्कार.

मार्करचा_पुतण्या

बरेच दिवस फक्त वाचत होतो. या विषयावर लिहिल्याशिवाय राहवेना.

माझे काका पुण्यातल्या एका जिमखान्यात एकतीस वर्षं मार्कर होते. नव्या पोरांना मार्कर म्हणजे पेन वाटतो. बिलियर्ड्स रूममध्ये पॉइंट सांगणारा, टेबल राखणारा, मेंबर लोकांना जोडीदार नसेल तर त्यांच्याशी खेळणारा आणि बेताने हरणारा माणूस म्हणजे मार्कर. क्लबातला सगळ्यात चांगला खेळाडू बहुतेक वेळा तोच असायचा, पण स्पर्धेत त्याचं नाव नसायचं.

सकाळी काकांचं पहिलं काम टेबलाला ब्रश मारणं. पिवळ्या-हिरव्याच्या बाजूने काळ्याकडे, नेहमी त्याच दिशेने, कारण कापडाची लव त्या बाजूला असते. मी लहानपणी एकदा उलटा ब्रश मारला तर पाठीत धपाटा बसला होता. मग इस्त्री; साधी नाही, टेबलाची वेगळी जड इस्त्री असते. पावसाळ्यात कापड दमट होतं, चेंडू रेंगाळतात, कुशन मेल्यासारखी वागते. काका टेबलाखाली बल्ब लावून ठेवायचे. मोठ्या स्पर्धांत टेबल खालून गरम ठेवतात हे मला खूप नंतर कळलं. काकांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचा देव विल्सन जोन्स. जोन्स पुण्यात जन्मलेले. १९५८ ला कलकत्त्याला बिलियर्ड्सची जागतिक हौशी स्पर्धा जिंकली, १९६४ ला परत. स्नूकर काकांना उथळ वाटायचं, "नुसती पाडापाडी" म्हणायचे. जो डेव्हिसचं नाव मात्र आदराने घ्यायचे, कारण तो मूळचा आपल्यातला, बिलियर्ड्सचा. पुढे पंकज अडवाणी आला, जन्म पुण्याचाच, वाढला बंगळुरूला. तो बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हीत जगज्जेता झाला तेव्हा काकांनी पेढे वाटले होते. पण प्रो स्नूकरच्या सर्किटवर तो दोन मोसमांत परतला. काकांचं यावर मत असं, की दोन होड्यांत पाय ठेवून नदी ओलांडता येते, समुद्र नाही.

हेंड्रीची एक मॅच मी त्यांना केबलवर दाखवली होती, तो निळ्याचा फटका होता तीच. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याच्या घरी कापडाचे पैसे कोण भरतं?"

बंड्या_पौडफाटा

हाहाहा. काका जिंदाबाद. धागा वसूल.

रॉकेटप्रेमी

पुतण्याभाऊ, सुंदर प्रतिसाद. आमच्या मुंबईचा आदित्य मेहता राहिला तेवढा. २०१३ ला दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये फायनलला गेला होता, रँकिंग स्पर्धेच्या. डिंगने ५-० ने धुतला ते सोडा, पण गेला होता.

बाकी धागाकर्त्याला एक प्रश्न. रिअर्डन १९७८ ला ४५ व्या वर्षी जगज्जेता झाला, सगळ्यात वयस्कर. तो विक्रम ४४ वर्षं टिकला. २०२२ ला तो कोणी मोडला? ४६ व्या वर्षी, ट्रम्पला १८-१३ हरवून? ज्याला रिअर्डनने शिकवलं त्यानेच. आता तरी बसवा त्याला यादीत.

काळा_सात

बसवला असता. पण मग पाचवी खुर्ची लागेल आणि ती आधीच अदितीताईंनी रिअॅन एव्हान्सला दिलीय.

लेस्टरकर

चीनवाल्यांसाठीही एक स्टूल बाजूला ठेवा. २०२५ ला झाओ शिनटोंग जिंकला, पहिला चिनी जगज्जेता. बंदी भोगून आलेला, हौशी म्हणून पात्रता फेऱ्यांतून वर आला आणि फायनलला पन्नास वर्षांच्या मार्क विल्यम्सला १८-१२ हरवलं. पण पहिल्यांदा जिंकून पुढच्याच वर्षी क्रुसिबलवर किताब राखणं स्टीव्ह डेव्हिसलाही जमलं नव्हतं (१९८२ ला पहिल्याच फेरीत टोनी नोल्सकडून १०-१) आणि हेंड्रीलाही नाही. म्हणून एवढ्यात सम्राट वगैरे म्हणू नका.

मार्करचा_पुतण्या

धागा वाचून काल संध्याकाळी क्लबात गेलो आणि तो निळ्याचा फटका मारून पाहिला. निळा मधल्या पॉकेटच्या जबड्यात खडखडून बाहेर आला. पांढरा उडून टेबलाखाली गेला. ढीग जागच्या जागी, एक लाल हलला नाही.

आत्ताचा मार्कर पोरगा आहे, विशीतला. त्याने वाकून कापडावरून बोट फिरवलं, फाटलं नाही याची खात्री केली आणि वहीत माझ्या नावावर चार पॉइंट फाउल लिहिला. मी म्हटलं, चार नाही, निळ्यावर खेळताना पांढरा बाहेर गेला की पाच. त्याने खोडून पाच केलं.